सामाईक भिंत

बँकेचं पत्र आलं तेव्हा वाटलं, छपराचं काही असेल.
नव्हतं. परसातल्या झाडाचं होतं.
मागच्या भिंतीशी जपानी नॉटवीड आहे,
कर्ज मिळणार नाही, म्हणजे गिऱ्हाईकही मिळणार नाही.
मुलीकडे राहायला जायचं म्हणून
अर्धी कपबशी मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती.

मी तिला बांबू म्हणायचे.
तीस वर्षं, बांबू.
क्लेडविन दर जूनमध्ये यंत्र घेऊन तिच्यावर तुटून पडायचा,
घामाघूम आत यायचा, म्हणायचा, हायल्वेन, झाली साफ.
आणि तुकडे उडालेले असायचे गुलाबांत, शेडमागे,
भिंतीपलीकडे इड्वल प्रॉबर्टच्या बटाट्यांत.
नखाएवढा तुकडा तिला पुरतो.
हे क्लेडविनला कोणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं, ते सोडा.

पाहणीला टेस्नी आली. गमबूट, वही, माझ्या नातीएवढं वय.
पानाचा तळ बघा, म्हणाली, सुरीने कापल्यासारखा सपाट.
देठावर लाल ठिपके, गोवर उठल्यासारखे.
फांदी सरळ जात नाही, प्रत्येक पानाशी वळते,
पबमधून घरी निघालेल्या माणसासारखी.
खोड मोडलं तर आत पोकळ.
मूळ मोडलं तर गाजर.

मग चहा पिताना सहज बोलून गेली:
हिचा नर इथे कधी आलाच नाही.
हौसेने आणलेली एकच मादी, राणीच्या काळातली.
रेल्वेकडेला, टावेच्या काठाने, जुन्या खाणींच्या ढिगांवर,
तुमच्या परसात, सगळीकडे
तीच. तुटत तुटत तीच.
सप्टेंबरात पांढरी फुलते, मधमाश्यांनी गजबजते,
आणि ओटी रिकामीच.

त्या रात्री मला तिचा राग करता येईना.
सकाळी आला.

खणायचं नाही. छाटायचं नाही.
पालिकेच्या हिरव्या डब्यात तर मुळीच टाकायचं नाही.
उन्हाळा उतरणीला लागला की ती अन्न खाली ओढते,
तेव्हा प्रत्येक खोडाला सुई. औषध तिच्याच हाताने मुळाशी जातं.
आणि हे दोन्ही बाजूंनी, एकाच आठवड्यात,
नाहीतर पैसे पाण्यात.
मुळांना भिंत दिसत नाही, टेस्नी म्हणाली.

इड्वलशी मी अकरा वर्षं बोलले नव्हते.
कुंपणाचा एक खांब. सहा इंच.
एवढ्यावरून माणसाने क्लेडविनच्या दफनालाही येऊ नये?

त्याच्या दारात मी उभी, हातात
बंद पिशवीतलं ते ठिपक्यांचं खोड.
तो सपातांत. केस इतके पांढरे झालेत हे भिंतीवरून दिसत नव्हतं.
तुमच्याकडून आली, तो म्हणाला.
तुमच्याकडून, मी म्हणाले.
आम्ही दोघांनी पिशवीकडे पाहिलं.
तिने काही साक्ष दिली नाही.

सप्टेंबरात सुया झाल्या. त्रेसष्ट माझ्या, एकेचाळीस त्याच्या.
आकडा त्याने मोठ्याने सांगितला, जिंकल्यासारखा.
हिवाळाभर वाळकी खोडं वाऱ्यात खुळखुळत राहिली,
कुणी कपाटात हाडं हलवावीत तशी.
कपबशा मी पुन्हा बाहेर काढल्या.

एप्रिलमध्ये भिंतीपलीकडून हाक आली: हायल्वेन!
नुसतं नाव. पुढे मिसेस वगैरे नाही.
जिवंत आहे, तो म्हणाला,
आणि आवाजात, खोटं का बोलू, किंचित आनंद होता.
मी स्टुलावर चढून पाहिलं.
वीतभर उंचीचं, गच्च, वेडंवाकडं,
पानं इवलीशी, बाहुलीच्या घरातल्या झाडासारखी.
औषधाने खुरटलेली. पण ती.

टेस्नी म्हणते, अजून दोन वर्षं, कदाचित तीन.
दिसेनाशी झाली म्हणजे गेली असं नाही.
घराची पाटी मी शेडमध्ये ठेवली आहे.

दर रविवारी आम्ही आपापल्या बाजूला वाकतो,
गुडघ्यांखाली जुन्या उश्या, मातीत लाल टोक शोधत.
काही?
काही नाही. तुझ्याकडे?
खांबाचा विषय अजून कोणी काढलेला नाही.